खाटेखालची ढुशी

आमच्या सूनबाईंना ताटासमोर लॅपटॉप लागतो. त्यात काय, तर मेलेले डॉल्फिन! म्हटलं, "बाई गं, घास तरी गिळू दे." तर म्हणते, "आई, तुम्ही भिंतीकडे बघून जेवा."

माझ्याच घरात मी भिंतीकडे बघायचं!

असो. यातलं एक अक्षर खोटं असेल तर माझी जीभ झडो. आणि रात्रबित्र नव्हती हो. टळटळीत दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर.

माझा मुलगा प्रवासी बोट चालवतो. सकाळच्या फेऱ्या उरकून आडवा झाला होता. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते.

आणि...

धप्.

खाट उचलली गेली. त्याच्यासकट.

तो जागा झाला नाही.

मी वाकून पाहिलं. खाटेखाली कुणी नाही. फक्त फरशी... ओली.

पुन्हा धप्. मारल्यासारखं नाही. नाकाने हळूच ढुशी द्यावी तसं.

मग खालून एक श्वास आला. लांब, ओला...

फुस्स.

हातातली घडी टाकून मी मागे सरकले.

दुसऱ्या दिवशीही तेच. मुलाला सांगितलं तर हसला. "आई, तुझं बीपी बघू या."

मग मी सूनबाईला धरून खाटेजवळ बसवलं. खाट हलली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई... डॉल्फिनची आई असंच करते. पिल्लू मेलं की त्याला खालून वर ढकलत राहते. त्याने श्वास घ्यावा म्हणून. ते मेलंय हे तिला पटतच नाही."

"कुठलं पिल्लू?"

तिने झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

मध्यंतरी त्याच्या बोटीला काहीतरी धडकलं होतं. घरी येऊन म्हणाला, "ओंडका लागला." सगळेच बोटवाले ओंडकाच म्हणतात. मग धक्क्याजवळ एक पिल्लू वाहून आलं.

बोटींच्या धडकेने किती डॉल्फिन मरतात, कुठे मरतात, याचा हिशेब मांडणं हे सूनबाईचं काम. त्यावरून बोटी कुठे हळू चालवायच्या ते ठरतं.

"बोटीच्या पंख्याचे वार दिसले की कळतं," ती कुजबुजली. "या पिल्लावर ओरखडाही नव्हता. पण आतून हाडं मोडली होती, म्हणजे बोटीचीच धडक. मी 'कारण अज्ञात' लिहिलं. अज्ञात लिहिलं की ते हिशेबातून गळतं."

"मुद्दाम?"

"यांची नोकरी गेली असती, आई."

खरं सांगते, मला बरंच वाटलं. माझ्यापेक्षा हुशार निघाली म्हटलं.

तेवढ्यात खाट उचलली गेली. या वेळी फार वर.

मुलाची छाती हलत नव्हती. ओठ निळे. केस ओलेचिंब...

मी दोन थोबाडीत दिल्या. तो खोकला. तोंडातून पाणी आलं. बोटाने चाखून पाहिलं.

खारट.

"उशी कुणी भिजवली?" एवढंच म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

खाटेखाली सगळं गप्प होतं. मला ते गप्प राहणं जास्त नकोसं वाटलं. कुणीतरी दम खातंय असं.

सूनबाई लॅपटॉप उघडून नुसती बसली होती. कळांवर तिची बोटं काही हलेनात.

मी म्हटलं, "सूनबाई, नोकरी गेली तर दुसरी मिळेल. ते पिल्लू बोटीनेच मेलं, तसंच मांड, म्हणजे त्याच्या आईलाही पटेल. नाहीतर ती बाई माझं लेकरू आपलं समजून उचलत राहणार... आणि एक दिवस घेऊन जाईल."