फलाटाच्या दोन बाजू

पाकीट एकच उरलं होतं, आणि त्यावर दोन हात एकदम पडले.

एक हात मेरिएल प्रॉसरचा. दुसरा एका उंच, किंचित वाकून उभ्या असलेल्या पुरुषाचा. त्याच्या तर्जनीवर रूळ जोडायला धातूचा डाग देताना बसलेल्या चटक्याची ताजी खूण होती.

"माफ करा," तो म्हणाला. हात मात्र काढला नाही.

"केलं माफ," मेरिएल म्हणाली. "आता सोडा."

श्रूजबरीतल्या त्या शाळेच्या व्यायामशाळेवर नोव्हेंबरची भुरभुर सकाळपासून चालू होती. आत हौशी लोकांचं रेल्वे-प्रदर्शन. ओल्या कोटांचा वास, चहाच्या रांगेतली कुजबुज आणि टेबलाटेबलांवर धावणाऱ्या छोट्या आगगाड्या. विल्फ हॅडफील्डचं टेबल कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी, सगळ्यात शेवटी. त्याच्याकडे गाड्या नसत. त्याच्याकडे चेअर असत.

जुन्या इंग्लिश मार्गांवर रूळ थेट स्लीपरवर ठेवत नसत. तो बिडाच्या एका बसक्या बैठकीत धरलेला असे. ती चेअर. हुबेहूब मापाचा छोटा मार्ग घरी बांधणाऱ्यांना अशा तांदळाच्या दाण्याएवढ्या चेअर ढिगानं लागतात. साध्या कुठंही मिळतात. पण सांध्यात, जिथं एक रूळ दुसऱ्याला छेदून जातो, तिथल्या चेअरची घडण वेगळी. त्या विल्फ आपल्या गॅरेजात ओतायचा. दुसरं कुणी ओतत नव्हतं.

"भांडू नका रे पोरांनो," विल्फ म्हणाला. "हे शेवटचं. साचा फुटला, आणि माझे डोळे त्याच्याही आधी फुटले. नवीन नाही करणार आता."

"मग दुसरं कोण करतं?" त्या माणसानं विचारलं.

विल्फनं अंगठ्यानं आपला वरचा दात चाचपला आणि मेरिएलकडे बघितलं. मेरिएलनं नजर दुसरीकडे वळवली.

"कोण जाणे," विल्फ म्हणाला. "अर्धं अर्धं घ्या. नाहीतर मी घरी घेऊन जातो आणि मांजरापुढं टाकतो."

विल्फच्याच चिमट्यानं त्यांनी तिथं वाटणी केली, डोक्याला डोकं लावून. तो फर्गस ऑलक्रॉफ्ट, बक्स्टनच्या शाळेत भूगोल शिकवणारा.

"गेज कुठलं तुमचं?" त्यानं विचारलं.

"अठरा पॉइंट त्र्याऐंशी."

"अरे बापरे. म्हणजे रविवारी चर्चला जायचं सोडून भिंगातून रूळ बघणाऱ्यांपैकी तुम्ही."

"आणि तुमचं?"

"अठरा पॉइंट दोन."

"म्हणजे चूक. माहीत असून केलेली."

"अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची चूक, मॅडम. दरोडा नव्हे."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, त्यामुळं आवाज जरा मोठाच झाला. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वर केली.

चेअर दोघांनाही त्याच लागत. रूळही तोच, स्लीपरही तेच. फरक फक्त गेजात, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरात. पण तेवढ्यानं तिच्या गाडीची चाकं त्याच्या रुळांत मावली नसती, आणि त्याच्या गाडीची चाकं तिच्या रुळांमधून खाली पडली असती.

वाटणी झाल्यावर दोघांच्या ध्यानात आलं – अर्ध्यात कुणाचाच सांधा पुरा होत नव्हता.

"शोधूया मग," फर्गस म्हणाला. "कुठंतरी कुणाच्या खणात पडल्या असतील. तुम्ही पश्चिमेकडचे बघा, मी पूर्वेकडचे. रविवारी फोन करतो... चालेल?"

"चालेल," मेरिएल म्हणाली. आणि तिथंच ती खोटं बोलली.

कारण मेरिएल लडलोमध्ये दातांच्या प्रयोगशाळेत काम करत होती. मेणाची इवलीशी प्रतिकृती करायची, भोवती साचा धरायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, हे तिचं रोजचंच. विल्फची वरची कवळी तिच्याच हातची. असल्या चेअर तिनं एका दुपारी ओतल्या असत्या. तोंडाशी आलेलं ते वाक्य तिनं गिळलं. ते बोलून टाकलं असतं, तर तो माणूस पुढच्या रविवारी फोन कशाला करणार होता?

तिचं काम तळघरात चाले, खिडकी नसलेल्या खोलीत. कधी न पाहिलेल्या माणसांसाठी ती दात घडवायची. त्या दातांचं हसू भलत्याच घरात उमटायचं. घरी, मासेमारीच्या सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, मागच्या खोलीत तिचं स्टेशन होतं. वेल्श सीमेवरचं, केव्हाच बंद पडलेलं. एकच फलाट, एक दिवा, एक बाक.

दर रविवारी फर्गसचे फोन येऊ लागले, आणि शोधात भेटलेल्या माणसांच्या गोष्टी. कुणी नॉर्विचचा निवृत्त पाद्री फक्त सहा ते सात या वेळेतच फोन घेई, आणि घेतला की आधी आपल्या गुडघ्यांविषयी बोले. एक गृहस्थ चेकशिवाय काही घेत नसत आणि चेक मिळाला की महिनाभर गप्प बसत. लँकेशरमधला एक तर चेअर विकायलाच तयार नव्हता, कारण "तुम्ही त्या वापरून टाकाल."

"मी त्याला म्हटलं, अहो, त्या वापरण्यासाठीच आहेत ना?" फर्गस सांगत होता. "तर म्हणतो कसा, सगळे असंच म्हणतात!"

तिसऱ्या-चौथ्या फोनला ते 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, कुणाच्याच लक्षात आलं नाही. नाताळात तिनं त्याला आपल्या स्टेशनचा फोटो पाठवला.

"सुंदर आहे," तो म्हणाला. मग फोटो उजेडात फिरवल्याची सळसळ ऐकू आली.

"पण?"

"फलाटावर माणूस नाही एकही."

"बंद स्टेशन आहे ते, फर्गस."

"बंद व्हायच्या आधी तरी कुणी असेल ना? रुळांना गंज नाही तुझ्या. म्हणजे गाडी येते. मग ती येते कुणासाठी?"

"तुझ्याकडं आहेत का माणसं?"

"काड्यापेटीभर. रंगवून ठेवलीत. उभी करायला जागा नाही." तो हसला. "जेवणाच्या टेबलावर मालगाड्यांचं यार्ड आहे माझं. जेवतो जिन्यात बसून. दुसरी खुर्ची ठेवायला जागा नाही... तशी लागतही नाही."

एकदा त्यानं तिला जुन्या ग्लॉस्टरची गोष्ट सांगितली, वर्गात मुलांना सांगावी तशी. दोन कंपन्यांची दोन गेज तिथं समोरासमोर येऊन थांबत. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर जाणं अशक्य. मग माणसं उतरत, पेटारे, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन पलीकडच्या गाडीत चढत. केवढा गोंधळ, केवढी शिवीगाळ!

"शेवटी काय झालं?" तिनं विचारलं.

"शेवटी एक कंपनी हरली. रूळ उखडले." जरा थांबून तो म्हणाला, "मला वाटतं, फलाटावरच्या माणसांना मात्र काही वाटलं नसावं. त्यांना फक्त ओलांडायचं होतं."

फेब्रुवारीत क्रोमरच्या एका विधवेचा पत्ता मिळाला. तिच्या नवऱ्याच्या माळ्यावर पेट्याच पेट्या होत्या. फर्गस शनिवारी पहाटे निघाला आणि बर्फातून गाडी चालवत सगळा देश ओलांडून समुद्रापर्यंत गेला. मेरिएल दिवसभर घड्याळाकडे बघत राहिली. त्याला थांबवण्यासाठी एक वाक्य पुरलं असतं. तिनं ते उच्चारलं नाही.

रविवारी त्याचा आवाज बसलेला होता.

"मोठ्या मापाच्या निघाल्या. आपल्या दुपटीच्या जवळपास."

"अरेरे..."

"त्याचं काही नाही. पण तिनं मला सगळ्या पेट्या दाखवल्या, मेरिएल. एकेक. प्रत्येक पाकिटावर त्याच्या हातानं लिहिलेलं, हे अमुक सांध्याला, ते तमुक पुलाला. त्यातलं एकही उघडलेलं नाही. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. ती फक्त झाकण उघडायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. परतीच्या वाटेवर मी विचार करत होतो, माझ्या पेट्या कोण उघडेल? तोंडाकडे बघायला तरी कुणी असेल का?"



"मी मोडतोय सगळं," तो म्हणाला. "टेबल मोकळं करतो. माणसासारखा जेवतो. बरं झालं ना?"

आता. आता सांग.

"गाडी सांभाळून चालव," ती म्हणाली. तो घरी पोचून कितीतरी वेळ झाला होता.

बुधवारी टपालानं एक पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. त्याच्या वाटणीच्या सगळ्या चेअर होत्या, कापसात नीट ठेवलेल्या. तिच्या आणि त्याच्या मिळून आता तिचा सांधा पुरा होणार होता.

मेरिएल पाकीट हातात घेऊन जिन्यातच बसली. मग तिनं विल्फला फोन लावला.

"तुमच्याकडं अठरा पॉइंट दोनचं गेज आहे का?"

"कवळी घडवणाऱ्या पोरीला चेअर मिळेनात!" विल्फ पलीकडून गरजला. "नोव्हेंबरपासून वाट बघतोय मी तुझ्या फोनची. माझी बायको म्हणते तू भित्री आहेस. मी म्हणतो, मूर्ख."

"दोन्ही," मेरिएल म्हणाली. "गेज द्याल का?"

"देतो. पण तुझ्यासारखीला ते चालायचं नाही. हात भाजेल तुझा."

मालकाची परवानगी काढून तिनं चेअर तळघरातच ओतल्या. ते सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं. घरी आल्यावर तिनं हातभर लांबीची फळी घेतली. मधे फलाट उभा केला. एका बाजूला आपल्या मापाचा मार्ग घातला. हात सवयीनं चालत होता. मग फळी फिरवली, विल्फचं गेज, म्हणजे अंतर धरणारी धातूची मापपट्टी, रुळांवर ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, जाणूनबुजून, चुकीच्या मापाचा मार्ग बांधायला घेतला. पहिला रूळ बसला. दुसरा तिच्या बोटांनी आपोआप बाहेर, सवयीच्या मापाला ढकलला. काढला. पुन्हा तेच. बोटं ऐकेनात. शेवटी ती डोळे मिटून क्षणभर बसली, त्याचा आवाज आठवला – दरोडा नव्हे – आणि रूळ जागेवर दाबला.

बक्स्टनला ती उतरली तेव्हा बर्फ वितळून गटारांतून वाहत होतं. मांडीवरचा खोका तिनं वाटेत एकदाही खाली ठेवला नव्हता.

फर्गसनं दार उघडलं. त्याच्या हातात पटाशी होती. त्याच्या मागं, खोलीत, जेवणाचं टेबल अर्धं मोकळं दिसत होतं; उखडलेले मार्ग भिंतीला टेकवून ठेवले होते.

"मेरिएल? तू इथं..."

"आत यायच्या आधी एक सांगायचंय. मध्येच बोलू नकोस, नाहीतर मी पळून जाईन." तिनं खिशातून पाकीट काढलं. "तुझ्या चेअर, परत. आणि या आणखी. या मी ओतल्यात. मी दात ओतते, फर्गस, तेच माझं काम आहे. पहिल्या दिवशीही ओतता आल्या असत्या. तू क्रोमरला निघालास तेव्हाही."

त्यानं पाकीट उजेडात धरलं. एक चेअर तळहातावर घेतली. नखानं तिची कड तपासली.

"बर्फ होतं," तो हळूच म्हणाला. "किंग्ज लिनच्या पुढं रस्ता दिसत नव्हता."

"माहीत आहे."

"का?"

"तू रविवारी फोन करायचास," ती म्हणाली. "चेअर मिळाल्या असत्या, तर तू केला नसतास."

रस्त्यावरून एक मोटार पाणी उडवत गेली. तो रागावला होता. ते तिला दिसत होतं आणि ते बरोबरच होतं. तिनं खोका त्याच्या हातात दिला आणि पायरी उतरली.

"थांब," तो म्हणाला. "यात काय आहे?"

"बघ. मी... थांबत नाही."

"थांब म्हटलं ना मी."

त्यानं झाकण तिथं दारातच काढलं. फलाट, आणि दोन बाजूंना दोन मार्ग. तो फळी उचलून वळला. आत गेला. ती दाराशीच उभी राहिली. आत त्यानं फळी मोकळ्या टेबलावर ठेवली, खणातून आपलं गेज काढलं आणि अलीकडच्या रुळांवर टेकवलं. ते बसलं. जरा सरकवलं. तिथंही बसलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बसत गेलं.

"हे तू बांधलंस?" त्यानं मागं न बघता विचारलं. "अठरा पॉइंट दोन? तू?"

"तीनदा उखडलं."

"दुखलं असेल."

"भयंकर."

त्याच्या खांद्यात काहीतरी हललं – हसू होतं की दुसरं काही, पाठमोऱ्या माणसाचं कळत नाही.

"मी अजून रागावलेलो आहे," तो म्हणाला.

"हो."

"क्रोमरचं पेट्रोल तुझ्या डोक्यावर आहे. आणि पुढच्या वेळी तिकडं तूही येणार आहेस. म्हातारीला मी वचन दिलंय, पुन्हा येईन म्हणून. तिच्या पेट्या कुणीतरी नीट लावून द्यायला हव्यात."

"येईन."

त्यानं कपाटावरून काड्यापेटी काढली. त्यातून एक बाई निवडली, करड्या कोटातली, हातात छत्री असलेली. तिच्या पायाला गोंदाचा ठिपका लावला आणि ती फलाटाच्या बरोबर मधोमध उभी केली. कुठल्याही रुळाकडं तोंड न करता.

मेरिएल दारातून आत आली. बाईकडं बघत राहिली.

"कुठल्या गाडीची वाट बघतेय ती?"

"अजून ठरलं नसावं," फर्गस म्हणाला. जिन्यात जाऊन त्यानं खुर्ची उचलून आणली आणि टेबलाशी ठेवली. मग तो घरभर दुसरी शोधू लागला. ती नव्हतीच. शेवटी त्यानं रुळांची पेटी उपडी केली, तिच्यावर उशी टाकली आणि स्वतः तिच्यावर बसला.