नाक्यावरची वही

हे खरं घडलंय. माझ्या सर्जेराव मामाच्या बाबतीत.

साल १९९६. मे महिना. बारामती-इंदापूर रस्त्यावर तेव्हा पोलिसांचा तात्पुरता नाका होता. मामा तिथं हवालदार. गाड्या चोरीला जात होत्या, म्हणून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि दिशा वहीत लिहायचा हुकूम होता.

वही टेबलावर उघडीच असायची. कोण बघतंय, कशाला बघतंय... कुणी विचारत नव्हतं.

एका दुपारी दोन वाजता रणजित नावाचा माणूस मोटारसायकलवर आला. बायको आजारी आहे, जीपमधून दवाखान्यात नेलीय, जीप कुठल्या बाजूला गेली ते बघायचंय म्हणाला. नंबर त्याला पाठ होता.

मामानं वही पुढं सरकवली.

आजारी कुणीच नव्हतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून रोहिणी बहिणीकडं निघाली होती. लोणी देवकरच्या फाट्यावर रणजितनं जीप गाठली. आधी ड्रायव्हर भिमाला कोयत्यानं तोडलं. मग तिला. वार अडवायला तिनं हात वर केला होता...

पंजा रस्त्याच्या पलीकडं सापडला.

पाचव्या दिवशी, दुपारी दोन वाजता, नाक्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. ब्रेक करकचले.

जीप... नव्हती.

तेवढ्यात कुणीतरी एका गाडीची चौकशी करायला आलं. मामानं सवयीनं वही फिरवली आणि मामाचाच तळहात हाडापर्यंत चिरला. पानं रक्तानं भिजली. डॉक्टर म्हणाले, हा कोयत्याचा वार आहे.

मामानं साहेबांपुढं सगळं कबूल केलं. कोर्टातही केलं. रणजितला जन्मठेप झाली, मामा सस्पेंड झाला. वही कुलपात ठेवायची, लेखी परवानगीशिवाय दाखवायची नाही, असा हुकूम निघाला.

दोन वर्षांनी, भर दुपारी, नाक्यावरचे नवे हवालदार दादासाहेब मामाकडं आले. चालत. घामानं चिंब.

त्यांनी सांगितलं, रोज दोन वाजता जीप थांबल्याचा आवाज येतो. एक बाई विचारते, "आज कुणी इचारलं का?" नाही म्हटलं, की आवाज इंदापूरकडं निघून जातो.

"मग आज का आलात?" मामानं विचारलं.

दादासाहेबांनी मान खाली घालून सांगितलं. काल ओळखीतल्या एकाला त्यांनी परवानगीशिवाय वहीतला नंबर सांगितला होता. बाईला मात्र नाही म्हणाले होते.

"सर्जेराव, काल जीप गेलीच न्हाय. इंजिन अजून चालू हाय."

मी तिथंच बसलो होतो. दाराबाहेर इंजिनाची घरघर मलाही ऐकू येत होती.

बाहेर... गाडी नव्हती.

दादासाहेब उठून गेले. आवाज त्यांच्या मागोमाग गेला.

पुढचं मामा सांगत नाही. मीही विचारलेलं नाही.