पाण्याकडे पाठ

कॅमेरा चांगला चालू आहे, मग कपाटात का पडलाय, असं लेक दर वेळी विचारते. मी आपली 'डोळ्यांना झेपत नाही' म्हणून वेळ मारून नेते. खरं कारण तिला सांगितलं तर ती मला एकटीला घरात राहू द्यायची नाही. तुम्हाला सांगते. बसा जरा, दिवा असू दे तसाच.

आमचे हे कचेरीत नकाशे काढायचे. आठवडाभर मान खाली आणि हिवाळ्यातल्या रविवारी पोटावर! थंडी पडली की कुठल्या कुठल्या मुलखातून पक्षी आमच्या किनाऱ्यावर उतरतात. चिखल्या, तुतवार, लांब वाकड्या चोचीचे कुरल. ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलात चोची खुपसत हिंडतात. उभा माणूस दिसला की शंभर पावलांवरूनच उडतात. म्हणून फोटो काढणाऱ्यानं पालथं पडायचं, कोपरांवर सरपटत पुढे जायचं आणि मग दगडासारखं पडून राहायचं. मान वळवली तरी खेळ खलास.

पण तिथे मागे वळून पाहणं भागच असतं. भरतीचं पाणी आधी समोरून येत नाही. पाठीमागे एक ओहळ आहे, तो गुपचूप भरत जातो आणि माणूस अडकतो. म्हणून आमची वाटणी ठरलेली. हे पक्ष्यांकडे तोंड करून पडायचे आणि मी त्यांच्या पायांशी, पाण्याकडे तोंड करून बसायची. बोलायची सोय नाही, म्हणून मोडक्या छत्रीच्या दांडीनं मी त्यांच्या बुटाच्या टाचेवर ठोकायची. एकदा ठोकलं म्हणजे 'वेळ आहे, पडून राहा.' दोनदा म्हणजे 'उठा.' बावीस हिवाळे असं चाललं. त्यांनी एकदाही मागे वळून खात्री करून घेतली नाही. संसारात माझं काही ऐकलं असेल तर तेवढंच, तेही टाचेवर ठोकल्यावर.

घरी आल्यावर चिखलानं बरबटलेल्या बाह्या घासता घासता मी कुरकुरायची, की तुमचे पक्षी आणि माझे हात. गंमत म्हणजे बावीस वर्षांत मी ते पक्षी नीट पाहिलेच नव्हते. माझी कायम त्यांच्याकडे पाठ. संध्याकाळी हे फोटो दाखवायचे तेव्हा मला कळायचं, आज आपल्या मागे काय काय होऊन गेलं. फार सुखाच्या संध्याकाळी होत्या त्या.

एकटं राहणं मात्र त्यांना कधी जमलंच नाही. मी माहेरी गेले की तिसऱ्या दिवशी दारात हजर. 'काम होतं इकडे,' म्हणायचे. माझे भाऊ हसून हसून बेजार व्हायचे.

गेल्या उन्हाळ्यात हे गेले. दवाखान्यात शेवटी शेवटी म्हणाले, "एक कुरल समोरून टिपायचा राहिला बघ... डोळ्याला डोळा भिडलेला." दुसरं काही मागितलं नाही.

म्हणून हिवाळा लागल्यावर एका सकाळी मी कॅमेरा घेऊन निघाले. लेकीला फोनवर बाजारात जाते म्हणून सांगितलं. पाणी साडेदहाला फिरणार होतं. अकराला उठायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. सवयीनं दांडीही घेतली होती, ती पायांशी चिखलात रोवून ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पालथी पडले.

धुकं होतं. चिखलाचा कुजकट, खारट वास नाकाशी. खाली कान लावला की चिखल बारीक बुडबुडतो, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि समोर ते सगळे! एवढेसे चिमुकले तुतवार, नाचल्यासारखे पळणारे. त्यांच्या मागे एक कुरल, एकटाच. 'हे पाहण्यासाठी होय तुम्ही मला थंडीत बसवून ठेवत होतात,' मी मनात म्हटलं.

तेवढ्यात माझ्या टाचेवर ठोकलं गेलं. टक्. एकदाच.

भीती वाटली का? नाही हो. खोटं कशाला सांगू, आधी हसू आलं. मग डोळे इतके भरले की समोरचं काही दिसेना. ते ठोकणं मी कसं विसरेन? माझंच होतं ते, हलकंसं, जरा तिरकं. वळून पाहिलं तर पक्षी उडतील, असं मी स्वतःला बजावलं. पण खरं तर वळले आणि तिथे कुणीच नसलं तर, याची मला धास्ती होती.

"अहो," मी ओठ न हलवता म्हटलं, "आहे ना वेळ अजून?"

टक्.

मग मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलंच नाही. कशाला पाहू? आता माझी पाठ राखायला माणूस होतं.

पक्षी हळूहळू माझ्याकडे सरकू लागले. मला वाटलं, त्यांची भीड चेपली. पाणी चढू लागलं की ते पक्ष्यांना पुढे रेटतं, हे फोटो काढणाऱ्याला पहिल्या वर्षी कळतं. मला कुठून कळणार? मी बावीस वर्षं पाणी पाहिलं होतं, पक्षी नाहीत. गुडघे गारठले, पण चिखल गारच असतो. ओल्या लोकरीचा वास येऊ लागला, त्यांच्या जुन्या स्वेटरला यायचा तसा.

"कुठवर आलंय हो पाणी?..."

पुन्हा एकदाच. पण या वेळी दांडी नव्हती. बोट होतं. ठोकून झाल्यावर ते टाचेवरून उचललं गेलं नाही. मग दुसऱ्या टाचेवरही काहीतरी टेकलं... तळहातासारखं.

कुरल दहा पावलांवर आला. थांबला. त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मी बटण दाबलं.

त्याच क्षणी मागून किंकाळीसारखी हाक आली. सगळे पक्षी एकदम उठले. कुणीतरी माझं बखोट धरून मला उभं केलं. तोवर कमरेपासून खाली मी पाण्यातच पडून होते. ओहळ कुठे होता तेही कळत नव्हतं, सगळीकडे एकच करडं पाणी. शिंपल्या काढणाऱ्या बाईनं मला ओढत, बुचकळत, शिव्या देत बांधावर आणून टाकलं. कॅमेरा तेवढा मी डोक्यावर उंच धरला होता. ती आम्हा दोघांना कित्येक वर्षं लांबून ओळखायची. हे गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"जीव नकोसा झालाय का तुम्हाला?" ती धापा टाकत म्हणाली.

"मला वाटलं, वेळ आहे..."

"कसला वेळ? ओहळ घोटाभर होता तेव्हापासून बघतेय मी."

"मग हाक नाही का मारायची, बाई?"

"मारली की! तुम्हाला नाही, साहेबांना. पायांशीच तर बसले होते तुमच्या, पाण्याकडे पाठ करून. म्हटलं, साहेब, उठवा त्यांना, पाणी आलं." ती बाह्या पिळता पिळता थांबली. मागे पाण्याकडे पाहत राहिली. "माझ्याकडे बघून हसले. ओळखीचं हसले... आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं."