तेरावा सर्व्हर, रॅक : गेट

कंपनीचं नाव सांगणार नाही. तेवढं सोडलं तर यातलं मी काहीही बदललेलं नाही. पटलं तर ठीक, नाही पटलं तरी ठीक.

रविवार, २० एप्रिल २०२५. दुपारचे पावणेदोन. डोंबिवली एमआयडीसीतलं आमचं डेटा सेंटर.

आत दोघंच होतो. मी, चित्रा. आणि आमचा मॅनेजर दिपेश.

आमच्याकडे हॉस्पिटलांचे पेशंट रिपोर्ट साठवतात. बारा सर्व्हर. प्रत्येक रिपोर्टच्या तीन कॉपी, तीन वेगळ्या रॅकमध्ये. रॅक म्हणजे सर्व्हर ठेवायचं लोखंडी कपाट. एक बंद पडलं तरी रिपोर्ट वाचतो. कोणता सर्व्हर कुठल्या सेंटरमध्ये, कुठल्या रॅकमध्ये, हे एका छोट्या फाइलमध्ये लिहावं लागतं.

वर्षापूर्वी त्याच फाइलवरून सगळं झालेलं.

तेव्हा दिपेशच्या जागी गोपीनाथ सर होते. पन्नाशीचे, शांत माणूस. त्यांनी बजावलेलं, "दिपेश, चालू सर्व्हरचा रॅक बदलायचा नसतो रे. आधी तो रिकामा कर, बाहेर काढ, मग नव्या रॅकच्या नावाने आत घे."

दिपेशला घाई होती. सर जेवायला बाहेर गेले, तेव्हा हा त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसला. फाइलमध्ये चालू सर्व्हरचे रॅक बदलले आणि वर जादा कॉपी पुसायची कमांड दिली.

त्या जादा नव्हत्या. रॅकचं नाव बदलल्याने सिस्टिमला तशा वाटल्या.

अकरा दिवसांचे रिपोर्ट गेले. लॉगिन सरांचं होतं, म्हणून नोकरी सरांची गेली.

मी बघितलेलं. दिपेशला तिथे बसलेलं मी स्वतः बघितलेलं.

मी गप्प बसले.

मे महिन्यात सर गेटवर आले. "पाच मिनिटं आत सोडा. दाराची नोंद बघा, त्या वेळी मी बाहेर होतो." दिपेशने वॉचमन तानाजीकाकांना सांगून ठेवलेलं, सोडायचं नाही. सर चार तास उन्हात उभे राहिले. मग कोसळले. पुन्हा उठले नाहीत.

तर त्या रविवारी चार सर्व्हर घोडबंदर रोडच्या नव्या सेंटरला हलवायचे होते. दिपेशने यादी उघडली.

"चित्रा, तेरा का दाखवतंय?"

मी मोजले...

तेरा.

तेराव्यासमोर सेंटर, डोंबिवली. रॅकच्या जागी एकच शब्द...

गेट.

"कोणाची मस्ती आहे ही?" त्याने तो काढून टाकला. यादी परत उघडली.

तेरा.

तेवढ्यात दाराबाहेरचं कार्ड मशीन वाजलं.

टीट... टीट.

कार्ड नाकारल्यावर वाजतं तसं. दार काचेचं आहे. बाहेर कोणी नव्हतं.

टीट... टीट.

दिपेशने दाराची नोंद उघडली. एकच नाव, एकाखाली एक. गोपीनाथ. गोपीनाथ. गोपीनाथ.

ते कार्ड वर्षभर बंद होतं.

"मशीन बिघडलंय," दिपेश म्हणाला. त्याचे ओठ सुकलेले.

आणि मग... पंख्यांचा आवाज थांबला.

सर्व्हर रूममध्ये पंखे कधीच थांबत नाहीत. सगळे दिवे चालू होते, पण इतकी शांतता की मला माझा श्वास ऐकू येत होता.

दिपेशने मान वर केली. दाराकडे बघितलं.

"हो... आलो," तो म्हणाला.

मला नाही. दुसऱ्या कुणाला तरी.

तो उठून बाहेर गेला. मी खुर्चीतच बसून राहिले.

पाच-सात मिनिटांनी तानाजीकाकांची हाक आली. "मॅडम! लवकर बाहेर या!"

मी धावले. गेट सताड उघडं होतं. दिपेश बाहेर रस्त्यावर उभा राहून दोन्ही मुठी हवेत आपटत होता.

आणि आवाज लोखंडाचा येत होता.

"पाच मिनिटं... फक्त पाच मिनिटं आत सोडा..."

आवाज दिपेशचाच. शब्द त्याचे नव्हते.

"साहेब, गेट उघडं आहे! आत या!" काका ओरडत होते. आम्ही दोघांनी त्याला ओढलं. तो जागचा हलला नाही. शेवटी खाली पडला, तेव्हा त्याची कातडी हाताला चटका देत होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला झापलं. "चार तास उन्हात ठेवलंत माणसाला? काय करत होता तुम्ही?"

चार तास? तो उन्हात पंधरा मिनिटंसुद्धा नव्हता.

तिसऱ्या दिवशी दिपेश गेला.

यादीत त्यानंतर बाराच सर्व्हर दिसतात. दाराच्या नोंदीत त्या दुपारचं काहीच नाही.

मी कंपनीला सगळं लेखी दिलं. सरांच्या नावावरचा ठपका पुसला गेला. ते पत्र घेऊन मी आंबिवलीला त्यांच्या घरी गेले. कलावतीबाईंनी, त्यांच्या मिसेसनी, उभ्यानेच वाचलं. मग घडी घातली.

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

त्यांनी पाणीही विचारलं नाही. मी चपला घालत होते, तेव्हा त्या माझ्या चेहऱ्याकडे नाही... माझ्या मागे, जिन्याकडे बघत होत्या.

"सांभाळून जा," त्या म्हणाल्या.

मी वळून बघितलं. जिना रिकामा होता.

त्या काळजीने म्हणाल्या की कसं, मला अजून कळलेलं नाही.