पोकळीतलं अर्धं वाक्य

शाळेच्या प्रयोगशाळेत उद्याच्या तासाची तयारी करायला विज्ञानाच्या सरांची लेक भर दुपारी एकटीच गेली, त्यात वावगं काहीच नव्हतं. वारलेल्या बापाच्या जागी तिची नेमणूक झालेली आणि उजेडाचा धडा तोंडावर आलेला. लॅबकाकांनी कुलूप काढलं, पंपाला तेल घातलं आणि म्हणाले, "ताई, मी बाहेर बाकावर आहे. काही लागलं तर सांगा."

"काका, मी काय पहिलीतली आहे का? नुसती घंटाच तर वाजवायची आहे."

प्रयोग साधा. काचेच्या निर्वात हंडीत विजेची घंटा आणि एक बारका दिवा ठेवायचा, मग पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. घंटेचा आवाज विरत जातो, कारण आवाजाला हवा लागते. दिवा मात्र तसाच दिसतो. उजेडाला कुणाचा टेकू लागत नाही. उजेड म्हणजे वीज आणि चुंबकत्व यांची लाट; वीज हलली की चुंबकत्व जागं होतं, चुंबकत्व हललं की पुन्हा वीज. सर वर्गात सांगायचे, "दोन जावांचं भांडण आहे रे हे! एकीने तोंड उघडलं की दुसरी, दुसरीने उघडलं की पहिली. मधे तिसरं कुणी लागतच नाही, चाललंय आपलं पुढे पुढे!"

त्याच सरांचा आवाज शेवटी घशाच्या दुखण्याने गेला. लेक त्यांचे ओठ वाचायला शिकली. शेवटच्या सकाळी ओठ हलले, "पोकळीत..." आणि थांबले ते थांबलेच. शोकसभेत जो तो उठून म्हणाला, सरांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, पण पोकळीत काय? ते वाक्य पुरं झाल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नव्हतं.

तिने काळे पडदे ओढले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत मिट्ट काळोख, तेलाचा नि जुन्या रबराचा वास. पंप घरघरू लागला. घंटेचा खणखणाट बारीक झाला, मग दूर कुठेतरी गेल्यासारखा झाला, मग नाहीसाच. घंटेची हातोडी मात्र हलताना दिसत होती.

आणि काचेत, दिव्याच्या मागे, एक चेहरा होता.

आधी तिला वाटलं, आपलंच प्रतिबिंब. पण या चेहऱ्याला बाबांचा चष्मा होता, तिला कुठे होता? तिने हंडीची झडप जराशी उघडली. हवा फुसफुसत आत शिरली, घंटा किणकिणली, चेहरा पुसट झाला. झडप बंद केली. घंटा गप्प, चेहरा पुन्हा ठळक. हवा असली की बाबा नाहीत. हवा नसली की आहेत, पण मुके.

उठावं, दार गाठावं... छे! अर्ध्यावर सोडायची सवय तिच्या घराण्यातच नव्हती. तिने टेबलाची कड घट्ट धरली, काचेला नाक टेकवलं आणि त्या ओठांवर नजर रोवली.

"पोकळीत..." ओठ म्हणाले.

"हं, बाबा. पुढे?"

तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. पंपाची घरघरही थांबल्यासारखी. श्वास घ्यायला गेली, तर छातीत काही आलंच नाही... तरी तिने नजर हलवली नाही. मेले तरी चालेल, वाक्य घेऊनच जाईन.

"पोकळीत... एकट्याला... करमत नाही गं."

डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना तिने चाचपडत झडप पूर्ण फिरवली. हवा आली, घंटा ठणाणा वाजली, काच रिकामी झाली. पडदा बाजूला सारून ती ढसाढसा रडली, आणि रडता रडता हसलीही. जिवावर बेतलं होतं, पण मिळालं होतं. आता उद्याचा तास ती घेणार होती, याच टेबलावर.

दार ढकलून लॅबकाका आत आले.

"ताई, सर... किती मोकळ्या गळ्याने बोलत होते हो."

"तुम्हाला... ऐकू आलं?"

"सगळं. करमत नाही म्हणाले. मग 'ये' म्हणाले..."

"ये?"

"हो ना." काका तिच्याकडे बघतच राहिले. "आणि तुम्ही म्हणालात, 'उद्याचा तेवढा तास घेते बाबा... मग आलेच.'"