सी तैयबच्या खोलीतला कॉम्प्युटर

दिवा बारीक करा आणि जवळ सरका. मुनसिफला तुमच्यापैकी कुणी पाहिलं नसेल. केफ गावातल्या चढावर, माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लागून त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तोंडाचा फटकळ, पण थापा मारणारा नव्हे. त्यानं मला सांगितलं, तसंच सांगतो.

२०१९ साल. सतरा जानेवारी, गुरुवार. संध्याकाळचे साडेसात. वरच्या गल्लीतल्या शाद्लिया म्हातारीनं त्याला बोलावलं होतं. तिचा नवरा तैयब, ज्याला सगळे मानानं ‘सी तैयब’ म्हणत, जाऊन वर्ष झालेलं. त्याच्या कॉम्प्युटरमधले फोटो मुलीला हवे होते. पण तो सुरू होताना मधेच गोठायचा. चाळीसेक सेकंद. मग आपसूक चालायला लागायचा.

म्हातारीनं मुनसिफला आतली खोली दाखवली. स्वतः मात्र उंबऱ्याबाहेरच थांबली. दार लोटू नकोस, एवढं बजावून चहा टाकायला गेली. पण थंडी मरणाची, वारा थेट पाठीत शिरत होता. मुनसिफनं दार लोटलंच.

कॉम्प्युटर लावला. पडद्यावरचा बाण अडकला. चाळीस सेकंद मोजले, सुटला. त्यानं प्रिंटरची वायर काढली, सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद केले. फरक शून्य. डबा खोलला, तर आत एक जुनी, मेलेली डिस्क जोडलेली. ती उत्तर देईल म्हणून कॉम्प्युटर दर वेळी वाट बघत असणार. मुनसिफला हसू आलं. तिची वायर उपटली, पुन्हा सुरू केलं.

बाण अडकला.

पंख्याची घरघर थांबली... बाहेर किटली खदखदत होती, तीही गप्प. तो उठून दाराशी गेला. कडी लावलेली नव्हती. तरी दार हलेना. खांदा लावला. हाका मारल्या... आवाज खोलीतच राहिला. खिडकीबाहेर गल्लीच्या दिव्याखाली पावसाचे थेंब लटकले होते. पडत नव्हते.

त्यानं मोजायला घेतलं. चाळीस झाले. चारशे झाले. पुढं मोजणं सोडलं. घसा सुकला. दाराला पाठ लावून बसला. झोप लागली, उघडली... पुन्हा लागली.

आणि शेजारीच, जमिनीलगत, कुणीतरी तेच दार नखांनी खरवडायला लागलं.

हळूहळू. दमल्यासारखं.

दिसत कुणी नव्हतं.

मुनसिफ हलला नाही. हलून जाणार कुठं...

पंखा घरघरला. दार उघडलं. शाद्लिया चहाचे ग्लास घेऊन उभी.

"लोटलंस ना शेवटी?"

"खाला... मी किती वेळ आत होतो?"

"चहाला उकळी यायला लागतो तेवढा." ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी बहिणीकडे बेजाला गेले होते. इकडं हे दार अडकलं. तैयब आत... मी तीन दिवसांनी आले."

 मुनसिफ मोरीतल्या नळाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायला आणि निघाला. हत्यारं आणायलासुद्धा परत गेला नाही.

साडेआठला घरी पोचला. बायकोनं, नझीहानं, दार उघडलं आणि त्याच्या गालाला हात लावला. भावाच्या साखरपुड्यासाठी म्हणून त्याच दुपारी तिनं त्याला न्हाव्याकडे पिटाळलं होतं. तुळतुळीत दाढी करून आला होता.

हाताला खुंट टोचले. चांगले वाढलेले... तीन दिवसांचे.