मापाचा कुर्ता

कोटाची एक बाही रुपालीच्या हातात होती आणि दुसरी एका अनोळखी तरुणाच्या. बोरी अरबच्या बाजारात जुन्या कपड्यांचा हा एवढा ढीग पडलेला, पण त्यात बायकांचा निळा कोट मात्र एकच.

"सोडा ना," रुपाली म्हणाली.

"मी पयले धरला."

"पण मी पयले पाह्यला!"

"नुसतं पाह्यल्यानं आपलं होते काय?" तो हसला. मग तिचा चेहरा पाहून थोडा थबकला. "एवढा कायले पायजे तुमाले?"

"उद्या इंटरव्ह्यू आहे... लोहाऱ्याले, कंपनीत. नीटनेटकं घालून या म्हणे." तिने बाही आणखी घट्ट धरली. "दोन वर्षांत पयल्यांदा कोणी बोलावलं हो मले."

त्याने बाही सोडली. इतकी पटकन, की रुपाली कोटासकट दोन पावलं मागे गेली.

कोट तिने तिथेच चढवून पाहिला आणि तिचं अवसानच गळालं. बाह्यांत बोटं गडप झाली, खांदे खाली ओघळले. वांगी निवडणाऱ्या दोघी बाया तोंडाला पदर लावून हसल्या. रुपालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अजी, रडता काहून? मोठा आहे ना, मंग लहान करता येते. लहान असता तं मी काय करत होतो?" त्याने पलीकडच्या ओट्यावरचं शिलाई मशीन दाखवलं. "राजदीप नाव माझं. असे जुने कपडे घेतो, नीट करून विकतो. कोट तुमचा. पाचपर्यंत बसवून देतो."

टेप त्याच्या गळ्यातच होती, पण त्याने ती काढली नाही. "बायांचं माप माय घेते. माय गेली पुसदले, मावशीकडे. तुमच्या अंगाले बरोबर बसते असा एखादा मापाचा कुर्ता आणून द्या."

अंगाला बरोबर बसणारा कुर्ता रुपालीकडे एकच होता. रंग उडालेला, कोपरात विरलेला. घरी जाऊन तिने तो हातात घेतला... आणि परत ठेवून दिला. त्या हसऱ्या डोळ्यांपुढे हे फडकं कसं उलगडायचं? वैष्णवीताई लग्नानंतर एक मोहरीच्या रंगाचा कुर्ता माहेरीच ठेवून गेली होती, गळ्याला सुरेख भरतकाम केलेला. रुपालीने तोच उचलला. वेड लागलं होतं पोरीला, दुसरं काय!

राजदीपने भरतकामावरून हलकेच बोट फिरवलं. "मस्त आहे. तुमचाच ना?"

"हो... माझाच." तिने नजर चुकवली. तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दुपारी ती आरशासमोर उत्तरांची घोकंपट्टी करत होती, तेव्हा तिची आई इंदूबाई कपाटात काहीतरी शोधत होती.

"वैशूचा कुर्ता कुठं गेला वं?"

"मी दिला... मापाले."

"तुह्या मापाले?" इंदूबाई वळली. "अवं, वैशूचे खांदे केवढेसे! तिचं काही तुले कधी चढलं काय? मागच्या खेपेले बाहीच उसवली होती ना तू!"

कापड एकदा कापलं की जोडता येत नाही, एवढं तिलाही कळत होतं. उद्या सकाळी सातची एसटी. दुसरा कोट नाही, दुसरी संधीही नाही. आणि हे सगळं कशापायी, तर एका शिंप्यापुढे छान दिसायचं म्हणून! ओढणीही न सावरता ती धावत सुटली.

मशीनवर फडकं झाकलेलं. राजदीपचा पत्ता नाही. खाली मात्र निळ्या कापडाच्या दोन कापलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. ती ओट्यावर मटकन बसली.

"इस्तरीत निखारे भराले गेला तो," शेजारची बांगड्यावाली मथुराबाई म्हणाली. "काय झालं वं माय? पांढरीफटक पडली तू तं!"

तेवढ्यात धुरकटलेली इस्त्री सांभाळत तो आला. रुपालीने त्याला बोलूच दिलं नाही. "तो कुर्ता माझा नाही! ताईचा आहे. मी खोटं बोलली. माझा विटका होता, फाटका... तुमाले दाखवाची लाज वाटली मले."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोलून बसलो. मथुराबाई बांगड्या मोजण्यात अचानक फार गढून गेली.

राजदीपने इस्त्री खाली ठेवली. फडक्याखालून कोट काढला. पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके घातलेला, पण कात्री न लागलेला.

"आणि ह्या पट्ट्या?"

"त्या शाळेच्या पँटीच्या." तो आता हसत होता. "सकाळी तुमी कोट घातला तेव्हा त्याचा खांदा दोन बोटं खाली आला होता. ह्या कुर्त्याच्या हिशेबानं चार बोटं निघून राह्यला. दोन घंट्यात माणूस एवढं सुकते काय?"

"मंग सांगतलं काहून नाही? जीव जाऊन राह्यला होता माझा!"

"नंबर दिला होता काय तुमी?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मले वाटलं, याल तुमी. म्हणून कात्री लावली नाही... वाटच पाहून राह्यलो होतो."

रुपालीने विटका कुर्ता आणून दिला. त्याने तो मांडीवर पसरला, विरलेल्या कोपरावर हात ठेवला आणि मग माप घेऊ लागला. पाचाचे सहा झाले, पण कोट बसला. अगदी तिच्यासाठीच बेतल्यासारखा बसला.

"खांदा बसला की माणूस आपोआप ताठ बसते," तो म्हणाला. "उद्या घाबरू नका."

ती घाबरलीच. रात्रभर कूस बदलत राहिली, एसटीत उत्तरं पुटपुटत बसली. खोलीत तीन साहेब होते आणि पहिल्याच प्रश्नाला तिची जीभ टाळ्याला चिकटली. मग तिला खांद्यांवरची ती शिवण जाणवली. ती ताठ बसली आणि बोलू लागली.

संध्याकाळी ती उतरली तेव्हा राजदीप मशीन चालवत नव्हता. नुसता एसटीच्या वाटेकडे पाहत बसला होता.

"सोमवारपासून ये म्हणे!"

त्याने डोळे मिटले, उघडले. "जयभीम! मले तं दिवसभर सुई ओवता आली नाही."

त्याने विटका कुर्ता पुढे केला. घडी घातलेला, कोपराला आतून बारीक ठिगळ लावलेलं. रुपालीला एकाएकी रडू फुटलं आणि हसूही. तो तिला फार आवडला होता, कालपासूनच.

"आता मले नवा कुर्ता शिवाचा आहे," ती म्हणाली. "पण मापाचा देत नाही. तुमी माप घ्या."

राजदीपचा हात गळ्यातल्या टेपेकडे गेला आणि तिथेच थांबला. तो लाल लाल झाला.

"बायांचं माप माय घेते. उद्या येते ती पुसदहून." टेपेचं टोक बोटाभोवती गुंडाळत तो म्हणाला, "तुमाले... आमच्या घरी यावं लागन."

रुपालीने कोटाचं वरचं बटण उगाच लावलं, उगाच सोडलं.

"किती वाजता येऊ?"